‘एवढा पाऊस तर आमच्याकडे रोज पडतो’

जुलै २०२१ ची गोष्ट, तारीख पंधरा-सोळा असेल. फॅमिली ग्रुपवर जर्मनीच्या पुराचे व्हिडिओ यायला लागले, घरं वाहून चाललीत, गाड्या एकावर एक चढल्यात, आणि खाली बातमी की दोन दिवसांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. चिपळूणच्या आत्याचा लगेच व्हॉइस मेसेज. "दीडशे? दोन दिवसात? अरे एवढा पाऊस तर आमच्याकडे रोज पडतो, दुपारी जेवून एक डुलकी काढेपर्यंत! आणि हे एवढे पैसेवाले देश, यांना साधी गटारं बांधता येत नाहीत होय?" सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. मी पण टाकला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर बरोब्बर एका आठवड्यात, २२ तारखेला उजाडायच्या आत, आत्याच्या घरात वाशिष्ठी नदी जिन्याच्या नवव्या पायरीला लागली होती.

त्या जिन्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. २६ जुलै २००५, काकांनी पाणी उतरल्यावर पेन्सिलने मारलेली, सातव्या पायरीजवळ. पाणी वाढायला लागलं तसं घरातलं सामान त्या रेघेच्या वर उचलून ठेवलं, गहू-तांदळाचे डबे, शिलाई मशीन, मुलाची पुस्तकं, सगळं अगदी हिशोबाने रेघेच्या हातभर वर. आणि पाणी रेघ ओलांडून गेलं.

या लेखात मला सांगायचंय ते खरं तर एवढंच, पण त्यासाठी ते अख्खं वर्ष जरा उलगडायला लागेल, कारण २०२१ मध्ये जगात जिथे जिथे वादळं-पूर-उष्णतेच्या लाटा आल्या तिथे बहुतेक ठिकाणी कोणाची तरी अशीच एक रेघ होती.

आधी आत्याचा प्रश्न घेऊ, कारण तो प्रश्न चुकीचा नव्हता. दीडशे मिलिमीटरात जर्मनीत १८० पेक्षा जास्त माणसं गेली कशी?

मिलिमीटर म्हंजे काय ते बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हंजे एक लिटर पाणी, इतकं साधं गणित आहे. म्हंजे शंभर मिलिमीटर झाला की तुमच्या गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर शंभर लिटर, अर्धं पिंप. यात घाबरण्यासारखं काही नाही, गच्चीवरून पाणी पन्हळीने खाली, अंगणातून पऱ्याला, पऱ्यातून खाडीला. पण आता गच्चीच्या जागी अख्खं खोरं धरा. जर्मनीत सगळ्यात जास्त नाश झाला तो आर नावाच्या नदीच्या दरीत, ही एरवी गुडघाभर पाण्याची छोटी नदी, दोन्ही बाजूला उभे चढ आणि त्यावर द्राक्षांचे मळे. तिचं खोरं साधारण ९०० चौरस किलोमीटरचं. त्याच्यावर शंभर मिलिमीटर म्हंजे ९,००० कोटी लिटर, दहा हजार लिटरचे नव्वद लाख टँकर. सगळं पाणी नदीत येत नाही, थोडं मुरतं. पण त्या वर्षी आधीच्या पावसानेच जमीन भरलेली, मुरायला जागा नाही, आणि दरी इतकी अरुंद की आलेलं पाणी पसरणार कुठे, ते उभंच चढणार.

आपल्याकडे तेवढाच पाऊस पचतो कारण आपली नदी त्या पावसाने कोरलेली आहे. दरवर्षी सह्याद्री जेवढं पाणी खाली फेकतो तेवढं वाहून न्यायची नदीला सवय आहे, तिचं पात्र तसं रुंद झालंय, जांभा दगड पाणी पितो, आपली कौलं उतरती, जोती उंच. आर नदीला ती सवय नव्हती. तिथे १८०४ आणि १९१० ला मोठे पूर येऊन गेले होते पण ते पाहिलेली माणसं आता कुठली असणार, लोकांच्या डोक्यात होता तो २०१६ चा पूर, तेव्हा आल्टेनार गावात नदी पावणेचार मीटरच्या आसपास चढली होती. या वेळी तिथलं पाणी मोजायचं यंत्रच वाहून गेलं. नंतर खुणांवरून हिशोब लावला तर दहा मीटरच्या घरात. आणि यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही की युरोपची पूर-इशारा यंत्रणा चार-पाच दिवस आधीपासून इशारे देत होती. इशारा पोचला, पण ‘आपल्याकडे किती येऊन येऊन येणार’ याचं उत्तर लोकांकडे आधीच तयार होतं ना.

२० जुलै, आषाढी एकादशी. मी साबुदाण्याची खिचडी खात फोन बघतोय आणि चीनच्या झेंगझोऊ शहरातल्या मेट्रोचा व्हिडिओ आला, डबा बंद, आत माणसं छातीभर पाण्यात उभी, काचेच्या बाहेर पाणी आतल्यापेक्षा वर. खिचडी तशीच राहिली. त्या मेट्रोत १४ माणसं गेली. त्या दिवशी तिथे संध्याकाळच्या एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला. एका तासात. म्हंजे प्रत्येक चौरस मीटरवर दोनशे लिटरचं अख्खं पिंप तासाभरात उपडं केलं. हे मात्र आत्याच्या दुपारच्या डुलकीत पण बसत नाही. आपल्या हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत २०४.५ मिलिमीटर झाला की ‘अत्यंत मुसळधार’, ती सगळ्यात वरची पायरी आहे, आणि इथे जवळपास तेवढा एका तासात.

झालं काय होतं तर शेकडो किलोमीटर दूर समुद्रात इन-फा नावाचं वादळ होतं, ते झेंगझोऊला आलंच नव्हतं, पण त्याने समुद्रावरची ओली हवा जमिनीकडे ढकलायला सुरुवात केली. ही हवा जाऊन डोंगरांना अडली. अडलेली हवा वर चढते, वर गेली की थंड होते, थंड झाली की वाफेचं पाणी होतं. हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको, सह्याद्री आपल्यासाठी दर पावसाळ्यात हेच करतो.

आणि मग आपली पाळी आली. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस, तिथल्या रेकॉर्डमधला सगळ्यात जास्त. चौरस मीटरला तीन पिंपं. महाबळेश्वर म्हंजे डोंगराचा कणाच, तिथून सावित्री इकडे महाडला उतरते, कोयना तिकडे पूर्वेला जाते, आणि कोयनेच्या धरणाचं पाणी वीज तयार करून झाली की बोगद्यांतून पुन्हा अलीकडे कोळकेवाडीला आणि तिथून वाशिष्ठीत येतं. कोणतं पाणी किती आणि कधी सोडलं यावर चिपळूणच्या नाक्यानाक्यावर भांडणं झालीत, मी त्यात पडत नाही. पण वाशिष्ठीचं स्वतःचं खोरंही त्या रात्री तुडुंब होतं आणि दुसरी एक गोष्ट लोक विसरतात, २४ जुलैला पौर्णिमा होती, गुरुपौर्णिमा. म्हंजे उधाणाचे दिवस. खाडीला भरती असताना नदीचं पाणी बाहेर पडत नाही, मोरीत बोळा बसल्यासारखं होतं. डोंगरातून पाणी येतंय, समुद्र घेत नाहीये, मधे चिपळूणचा बाजार. त्यात नदीत साठलेला गाळ, तो विषय वेगळाच.

२२ जुलैलाच महाडजवळ तळीये गावावर दरड आली, ८० पेक्षा जास्त माणसं गेली. दरडीचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. खाली कातळ, वर माती, आणि मुरलेलं पाणी या दोघांच्या मधे साचतं. ओट्यावर ओलं ताट पालथं ठेवलं की कधी कधी ते आपलं आपणच सरकत जातं, हात पण लावायला लागत नाही, ताटाखालचं पाणी त्याला उचलून धरतं म्हणून. डोंगराचं तसंच. माती आधीच पाण्याने जड झालेली, आणि खालची पकड सुटलेली.

आता जर्मनी, झेंगझोऊ आणि कोकण, दहा दिवसांत तीन ठिकाणी हे झालं. तिन्ही ठिकाणची कारणं वेगवेगळी, पण एक धागा समान आहे, तो म्हंजे हवेत मावणारी वाफ. हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. हे काही मत नाही, दीडशे वर्षांपेक्षा जुनं फिजिक्स आहे. जगाचं सरासरी तापमान जुन्या काळापेक्षा साधारण १.१ डिग्रीने वाढलंय असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने त्याच वर्षी ९ ऑगस्टला सांगितलं. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण मोठ्या पावसात ती जास्तीची वाफ एकदम एका जागी रिकामी होते, दिवसभर वाटून येत नाही.

बरं मग प्रत्येक पूर क्लायमेट चेंजने आला का? असं एका वाक्यात म्हणता येत नाही आणि जे म्हणतात ते घाई करतात. गणपतीत आपण रात्रभर पत्ते कुटतो ना, समजा कोणी गपचूप त्या कॅटमध्ये चार एक्के जास्तीचे घातले. आता तुम्हाला एका डावात तीन एक्के आले तर ते त्या जास्तीच्या चारातलेच आहेत असं सांगता येणार नाही. पण रात्रभर सगळ्यांना सारखे सारखे एक्के यायला लागले की कळतं काहीतरी घोळ आहे. शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर हेच करतात, तापलेल्या जगाची आणि न तापलेल्या जगाची हवा हजारो वेळा चालवून बघतात. जर्मनीच्या पावसाबद्दल उत्तर आलं की असा पाऊस पडायची शक्यता तापमानवाढीमुळे १.२ पासून ९ पटीपर्यंत वाढलीय. एवढा मोठा फरक का, कारण छोट्या दऱ्यांतला पाऊस कॉम्प्युटरला नीट पकडता येत नाही. त्यांनी ते लपवलं नाही हे मला आवडलं.

पण कॅनडाच्या बाबतीत उत्तर एकदम साफ आलं. लिटन नावाचं कॅनडाच्या पश्चिमेकडचं खेडं, २९ जून २०२१, तापमान ४९.६ डिग्री. कॅनडात! रत्नागिरीला मे महिन्यात ३६ झालं की आम्ही ओटीवर झोपायला येतो. तिकडे बऱ्याच घरांत एसी नाही कारण एरवी फारसा लागत नाही. ब्रिटिश कोलंबिया या त्या एका प्रांतात उष्णतेने ६१९ माणसं गेली, बहुतेक म्हातारी, घरात एकटी. आणि दुसऱ्या दिवशी लिटन जळून खाक झालं. शास्त्रज्ञ म्हणाले तापमानवाढ नसती तर एवढी उष्णता जवळपास अशक्यच.

याला हीट डोम म्हणतात, उष्णतेचा घुमट. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हात लावून बघितलाय ना लहानपणी? हवा दाबली की तापते. आकाशात जास्त दाबाचा एक मोठा पट्टा येऊन बसतो, वरची हवा खाली दाबली जाते, दाबली जाऊन तापते, ढग होऊ देत नाही, ढग नाहीत म्हणून ऊन थेट, जमीन कोरडी म्हणून घाम येऊन थंड व्हायची तिची सोय पण संपली. आणि हे सगळं जागेवरून हलतच नाही.

हलत का नाही, तर त्या भागात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक जोरदार नदी वाहते, जेट स्ट्रीम. ती सरळ आणि जोरात वाहिली की खालचं हवामान पुढे सरकत राहतं, आज पाऊस उद्या ऊन. पण ती कधी कधी खाडीसारखी वेडीवाकडी वळणं घेते, आणि वळणात जसा कचरा, नारळाच्या सोडण्या, चपला गोल फिरत अडकून राहतात तसं हवामान अडकतं. एका वळणात ऊन अडकलं की लिटन. दुसऱ्या वळणात पाऊस अडकला की जर्मनी, ते ‘बेर्न्ड’ नावाचं कमी दाबाचं क्षेत्र तिथे तसंच अडकून बसलं होतं. फेब्रुवारीत अशाच एका वळणातून उत्तर ध्रुवाकडची थंडी थेट टेक्ससमध्ये उतरली, गॅसच्या लाइनी गोठल्या, लाखो घरांची लाइट गेली, २४६ माणसं गेली. तिथली रेघ उन्हाची होती, घरं उन्हासाठी बांधलेली. तापमानवाढीने ही वळणं वाढतायत का यावर मात्र शास्त्रज्ञांचा आपसात अजून वाद चालू आहे.

आता समुद्राकडे वळू, आपला खरा विषय.

मे महिन्याचा मधला आठवडा, अंगणात कोकमाची सोलं वाळत घातलेली, आगोटीची सगळी कामं अर्धवट, आणि बंदरावर बावटा लागला. तौक्ते. हे नाव म्यानमारने दिलेलं आणि त्याचा अर्थ तिकडची एक मोठ्याने ओरडणारी पाल. ते वाचलं तेव्हा शंकेची पाल चुकचुकणे हा वाक्प्रचार आठवून मी एकटाच हसलो. आपल्या बाजूच्या समुद्रांतल्या वादळांना नावं १३ देश आळीपाळीने देतात, प्रत्येकाने तेरा तेरा देऊन ठेवलीत. आदल्या वर्षीचं निसर्ग बांगलादेशने दिलेलं, त्या नवीन यादीतलं पहिलंच.

वादळ तयार कसं होतं? उकडीचे मोदक करताना मोदकपात्राचं झाकण काढलं की जो वाफेचा चटका बसतो तो उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो, हे घरातल्या बाईला विचारा. कारण वाफ हातावर येऊन पाणी होताना आपल्या पोटातली उष्णता तुमच्या हाताला देऊन टाकते. समुद्र सुमारे साडेसव्वीस डिग्रीच्या वर तापला, आणि तो पण नुसता वरचा पापुद्रा नाही तर पन्नास-साठ मीटर खोलपर्यंत, की त्याच्यावरची हवा वाफेने भरून वर चढते. वर जाऊन वाफेचं पाणी होतं आणि तो ‘चटका’ तिथल्या हवेला बसतो, हवा आणखी तापते, आणखी वर जाते, खाली पोकळी होते, बाजूची हवा तिथे धावते, येताना आणखी वाफ घेऊन येते. पृथ्वी फिरतेय म्हणून ही धावणारी हवा सरळ न येता वळते, आपल्या अर्ध्या गोलात घड्याळाच्या उलट. बास, हे चक्र एकदा लागलं की समुद्र चूल आणि वादळ भांडं.

मग ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात मोठी वादळं का होत नाहीत? तेव्हा खाली नैऋत्येचा वारा आणि वर उलट्या दिशेचा पूर्वेचा वारा, त्यामुळे उभं राहायला लागलेल्या वादळाचं डोकं एकीकडे आणि पाय एकीकडे ओढले जातात. म्हणून आपली वादळं मे-जूनमध्ये नाहीतर ऑक्टोबरनंतर.

पूर्वी म्हणायचे बंगालच्या उपसागरात चार तेव्हा अरबी समुद्रात एक. आमचे आजोबा वादळाला ‘पलीकडचा प्रकार’ समजायचे, कोलकात्याकडचा. पण अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तर १९८२ ते २००० च्या मानाने २००१ ते २०१९ मध्ये इथली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलीत. तौक्तेच्या वेळी समुद्र तीस-एकतीस डिग्री होता. वादळ आपल्या किनाऱ्यापासून शे-दीडशे किलोमीटर लांबून गेलं, तरी १७ मे ला कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आमच्याकडे सोलं घरात आली आणि हापूसचा शेवटचा तोडा झाडाखाली पडला. मुंबईजवळच्या समुद्रात तेलाच्या कामावरचं पी-३०५ हे बार्ज बुडालं. त्यातली आणि एका टगमधली मिळून ८० पेक्षा जास्त माणसं गेली. वादळ त्या रात्री गुजरातला दिव-उनाच्या बाजूला चढलं.

वाऱ्याच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगतो जी मला उशिरा कळली. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ६० च्या वाऱ्यात टिकलेला पत्रा १२० ला टिकेल असं अर्ध्या हिशोबाने धरू नका, चार जणांनी एकदम ओढल्यासारखं आहे ते. आणि वादळ आता कधी कधी जमिनीवर यायच्या आदल्या दिवशी अचानक फुगतं, खालचं गरम पाणी जाड असेल तर २४ तासांत वेग पन्नास-साठ किलोमीटरने, कधी त्याहून जास्त वाढतो. रात्री झोपताना ऐकलेली बातमी सकाळी जुनी होते.

ऑगस्टच्या २९ तारखेला अमेरिकेत आयडा असंच फुगून लुइझियानाला ताशी २४० किलोमीटरने धडकलं, २००५ च्या कतरिना वादळाच्या बरोबर सोळा वर्षांनी, तारीख पण तीच. पण मला त्याहून जास्त लक्षात राहिलं ते तीन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये झालेलं. वादळ विझत विझत तिथे पोचलं. २१ ऑगस्टला तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ४९ मिलिमीटरचा रेकॉर्ड झाला होता. ११ दिवसांनी, १ सप्टेंबरला, एका तासात ८० मिलिमीटर. तळघरातल्या स्वस्त खोल्यांत राहणारी ११ माणसं बुडून गेली, बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेली. म्हंजे आत्याची रेघ सोळा वर्षं तरी टिकली, न्यूयॉर्कची अकरा दिवस.

सप्टेंबर संपताना आणखी एक गंमत झाली, गंमत म्हणू नये पण. बंगालच्या उपसागरात गुलाब नावाचं वादळ आलं, २६ सप्टेंबरला आंध्रात कलिंगपट्टणमच्या बाजूला जमिनीवर चढलं. जमिनीवर वादळाची चूल विझते, ते ढिलं पडतं. ढिलं पडून ते मराठवाड्यावरून आलं, सोयाबीन पाण्यात घालवलं, आणि गुजरातच्या बाजूने अरबी समुद्रात उतरलं. तिथे पुन्हा गरम पाणी मिळालं. पुन्हा उठलं. आता नाव बदललं, शाहीन, आणि ३ ऑक्टोबरला ओमानला जाऊन धडकलं. जिथे वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे एका दिवसात तीनशेच्या वर. आमचा चुलतभाऊ मस्कतला आहे, त्याचा फोन आला, रस्त्यावर गाड्या तरंगतायत म्हणाला. मी म्हटलं ते वादळ चार दिवसांपूर्वी आमच्याच बाजूला होतं. तो म्हणाला मग तिथेच ठेवून घ्यायचं ना.

आणि ज्या कॅनडाच्या प्रांतात जूनमध्ये ४९.६ झालं होतं, तिथेच नोव्हेंबरमध्ये आकाशातून वाफेचा एक लांबलचक पट्टा आला आणि एवढा पाऊस झाला की हायवे तुटले, शेतं तळी झाली. उन्हाळ्यात जळलेल्या डोंगरांवर पाणी धरायला मुळं उरली नव्हती, त्याचाही त्यात हात. एकच प्रांत, सहा महिने. डिसेंबरमध्ये अमेरिकेत केंटकीच्या बाजूला एका टोर्नेडोने, म्हंजे प्रचंड वावटळीने, २६५ किलोमीटरपेक्षा जास्त जमीन नांगरली, टोर्नेडो हा वेगळाच जीव आहे, त्याच्यावर परत कधीतरी.

शेवटचं ते राय, फिलिपिन्सचं वादळ. १६ डिसेंबर. हे मी एकट्याने पाहिलं नाही, दिवेआगरला मामाच्या वाडीत पाहिलं.

मामाच्या वाडीचं सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग त्यांच्या डोक्यावरूनच गेलं. मामा सांगतो, सकाळपासून वारा एकाच बाजूने, पोफळी एकामागून एक काड्यांसारख्या मोडत होत्या, मग एकदम शांत. पानसुद्धा हलेना. शेजारचे लोक बाहेर आले, पत्रे शोधायला लागले, मामी पण निघाली होती, मामाने हात धरून आत ओढली, कारण त्याला कोणीतरी खलाशाने कधीतरी सांगितलं होतं की हा डोळा असतो, मधलं भोक, याच्या पलीकडे वारा उलटा येतो. आणि तसाच आला. सकाळी टिकलेले माड दुपारी विरुद्ध बाजूला पडले. म्हणून नंतर त्याच्या वाडीत झाडं दोन दिशांना आडवी होती, जणू दोन वेगवेगळी वादळं येऊन गेली. पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. त्याने परत लावलीत, आत्ता कुठे कमरेएवढी आलीत.

तर डिसेंबरमध्ये त्याच्याकडे गेलो होतो आणि फोनवर सियारगाव बेटाचा ड्रोनचा व्हिडिओ आला, राय तिथेच पहिल्यांदा चढलं, आदल्या दिवशीच अचानक फुगलेलं. चारशेपेक्षा जास्त माणसं गेली त्या देशात. व्हिडिओत नुसते माड, जमिनीवर आडवे, नजर जाईल तिथपर्यंत. मामाने चष्मा लावला, फोन माझ्या हातातून घेतला, व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघत बसला. मला वाटलं काही बोलेल सरकारबद्दल वगैरे.

"दोन्ही बाजूला पडलेत रे," तो म्हणाला. "डोळा वरनंच गेला यांच्या."

मग फोन परत देताना म्हणाला, "तिकडे पोफळी असतात काय?"

असतात म्हटलं. तो उठला आणि पंप बंद करायला गेला.